तेरा बायका, एक युनियन आणि बारा एकर रान

सिडनीच्या सर्क्युलर कीवरून कोकाटू आयलंडला जाणारी फेरी वाटेत वुलविचच्या धक्क्याला लागते. उतरणारे मोजकेच असतात. धक्क्यावरून चढ चढून वर गेलं की हंटर्स हिलची वस्ती लागते: वालुकाश्माची जुनी दगडी घरं, लोखंडी फाटकं, जपलेल्या बागा, आणि इतकी शांतता की आपल्याच चपलांचा आवाज मोठा वाटतो. या घरांच्या मागच्या अंगाला, पॅरामॅटा नदीकडे उतरणाऱ्या बाजूवर, जवळपास बारा एकरांचं रान आहे. वरच्या रस्त्याने जाणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. नाव केलीज बुश.

ऑस्ट्रेलियन माणसाच्या तोंडी 'बुश' म्हणजे आपलं रान. त्यामुळे इथे हिरवळ, कारंजी, वाफे शोधू नयेत. पाऊलवाट दगडांतून खाली उतरते. दोन्ही बाजूंना अँगोफोरा नावाची झाडं आहेत. खोड गुळगुळीत, गुलाबी-केशरी. जुनी साल दर वर्षी गळते आणि नवी इतकी कोवळी दिसते की हात लावायचा मोह होतो. खोडावर मधूनच लालभडक डिंकाचे ओघळ असतात. मुळांना माती पुरत नाही, म्हणून ती खडकावरून मेण ओघळावं तशी पसरतात आणि फट मिळेल तिथे आत शिरतात. मधूनच बँक्सियाचे ब्रशसारखे तुरे, खाली पाणी आणि पाण्यापलीकडे बेटं.

माझा रोजचा संबंध विकास आराखड्यांशी येतो. नकाशावर हिरव्या रंगात दाखवलेला तुकडा पुढच्या आवृत्तीत पिवळा कसा होतो, हे मी बरंच पाहिलं आहे. आमच्या लहानपणी घराजवळ बागेसाठी राखीव असलेला एक मोकळा प्लॉट होता. तिथे आम्ही क्रिकेट खेळलो, बाभळीला पतंग अडकवले. पुढे आरक्षण उठलं ते आम्हाला पाया खणायला यंत्रं आली तेव्हाच कळलं. एका मोठ्या माणसाने विचारलं, "आता कुणाला सांगायचं?" त्याला कुणी उत्तर देऊ शकलं नाही. केलीज बुशचं प्रकरण मी अभ्यासलं ते या प्रश्नापायी. तिथल्या लोकांनी एक उत्तर शोधलं होतं, आणि ते कुठल्याही सरकारी कचेरीत मिळालेलं नव्हतं.

कारखान्याने राखलेलं रान

हंटर्स हिल हा जमिनीचा चिंचोळा पट्टा आहे. एका अंगाला लेन कोव्ह नदी, दुसऱ्या अंगाला पॅरामॅटा, आणि टोकाला दोघींची भेट. इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलेलं या जागेचं नाव 'मूकूबूला' असं सांगतात. अर्थ पाण्यांची भेट. आपण सरळ संगम म्हटलं असतं. ही भूमी वालुमेडेगल लोकांची. युरोपीय वसाहतीनंतर सिडनीच्या बंदरालगतचा जवळजवळ प्रत्येक काठ धक्के, गोद्या, गिरण्या आणि बंगले यांनी भरला. मग हाच तुकडा कसा उरला?

त्याला कारण ठरला एक कारखाना. १८९२ साली टी. एच. केली यांनी इथे जमीन घेऊन धातू वितळवण्याची भट्टी उभारली. सिडनी स्मेल्टिंग कंपनी तिथे कथील गाळत असे. भट्टी म्हणजे धूर आणि घाण वास, म्हणून कारखाना खाली पाण्याजवळ राहिला आणि वरची वस्ती व भट्टी यांच्यामधला उतार मोकळा सोडला गेला. झाडी तशीच राहिली. ती कुणी मुद्दाम जपली नव्हती, तिला हात लावायचं कारण कुणाला पडलं नव्हतं एवढंच. आजूबाजूच्या पोरांनी मात्र ती आपली मानली. खडकांच्या कपारींत खेळायचं, सरडे शोधायचे, काळोख पडला की घरी पळायचं. केलींचं रान, म्हणून केलीज बुश.

याच भागात, जवळच्या नेल्सन परेड रस्त्यावर, १९११ ते १९१५ या काळात रेडियम काढण्याचा कारखाना चालला. त्याच्या मागे राहिलेल्या किरणोत्सारी मातीचं काय करायचं, हा वाद पुढे अनेक दशकं चिघळत राहिला. आज ज्याला सिडनीतलं देखणं, श्रीमंत उपनगर म्हणतात, त्या पाणकाठाची ही दुसरी बाजू आहे.

१९६७ साली भट्टी सिडनीतल्याच अलेक्झांड्रिया भागात हलली आणि अंतर राखायचं कारण संपलं. आता तो उतार जमिनीचा एक महागडा तुकडा होता: शहराजवळ, पाण्यासमोर आणि रिकामा.

ए. व्ही. जेनिंग्ज ही तेव्हाची मोठी गृहबांधणी कंपनी पुढे आली. तिने जमीन लगेच विकत घेतली नाही. वापर निवासी करून मिळाला तर घेऊ, असा हक्क आपल्याकडे राखून ठेवला. आपल्याकडच्या वाचकाला हे वेगळं समजावायला नको. जमिनीचा भाव तिच्यावर काय उगवतं यापेक्षा आराखड्यात तिला कोणता रंग आहे यावर ठरतो, आणि तो रंग बदलायची सही एका टेबलावर होते. आधी दाट बांधकामाचा विचार होता. विरोध वाढत गेला तशी घरं कमी होत गेली. पण घरं कमी झाली तरी रान जाणार होतंच. उतारावर रस्ते, गटारं, गाड्यांच्या जागा आल्या की खडक फुटतो, आणि या झाडांचा जीव खडकाच्या फटीत आहे.

तेरा जणी

सप्टेंबर १९७० मध्ये हंटर्स हिलमधल्या तेरा बायका एकत्र आल्या आणि त्यांनी 'बॅटलर्स फॉर केलीज बुश' ही समिती केली. 'बॅटलर' हा ऑस्ट्रेलियातला जिव्हाळ्याचा शब्द आहे. फारसं बळ नसताना झुंजत राहणारा, नेट न सोडणारा साधा माणूस म्हणजे बॅटलर. बेटी जेम्स, कॅथ लेहानी, मोनिका शीहन, क्रिस्टिना डॉसन ही त्यांतली काही नावं. या प्रकरणावर जे लिहिलं जातं त्यात त्यांना सरसकट 'गृहिणी' म्हणतात. बहुतेक जणी घर सांभाळत होत्या हे खरं, पण जोन क्रोल त्यांच्यात होत्या आणि त्या डॉक्टर होत्या. पुढे स्तनांच्या कर्करोगाच्या निदानात त्यांनी मोठं काम केलं. एका शब्दात सगळ्यांना कोंबलं की त्यांची तयारी दिसेनाशी होते, आणि तयारी दांडगी होती.

त्यांनी काय केलं? आपल्या सोसायट्यांतल्या आणि टेकडी बचाव समित्यांतल्या बायका करतात तेच. पत्रं लिहिली, निवेदनं दिली, आमदार-मंत्र्यांच्या वेळा घेतल्या. वर्तमानपत्रांच्या मागे लागल्या. कागदांच्या फायली केल्या. आणि लोकांना रानात आणलं, ही मला सर्वात शहाणपणाची गोष्ट वाटते. ऑस्ट्रेलियात मोकळ्यावर चहा उकळायच्या पत्र्याच्या डब्याला 'बिली' म्हणतात. या बायका रानात बिली उकळायचे कार्यक्रम ठेवत. तुम्ही या, चहा घ्या, फिरा, मुलांना सोडा. ज्याने त्या अँगोफोराखाली बसून चहा घेतला, त्याच्यापुढे नकाशावरच्या सर्व्हे नंबरापेक्षा वेगळं काही उभं राहतं. लोकांनी पाहिलेलीच नसते ती जागा वाचवणं फार कठीण असतं, आणि हे रान तर घरांच्या मागे दडलेलं.

त्यांची राजकीय स्थिती चमत्कारिक होती. हंटर्स हिल हा सुखवस्तू भाग, मतं बहुतांशी लिबरल पक्षाची, आणि नाव 'लिबरल' असलं तरी ऑस्ट्रेलियात हा उजवीकडचा पक्ष. राज्यात सरकारही लिबरल, मुख्यमंत्री रॉबर्ट आस्किन. म्हणजे आपल्याच मतदारसंघाने आपल्याच सरकारकडे मागणं मागितलं होतं. ऐकून घेतलं गेलं, आदराने घेतलं गेलं, आणि जून १९७१ च्या सुरुवातीला स्थानिक शासन मंत्र्यांनी वापर बदलायला मंजुरी दिली. समितीला नऊ महिनेही झाले नव्हते. कायद्याने त्या तेरा जणींना पुढे कुठे जाता येण्यासारखं नव्हतं. शेजाऱ्याने अशा निर्णयाविरुद्ध न्यायालयात उभं राहण्याची सोयच तेव्हाच्या न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनीच्या राज्यात, जवळपास नव्हती.

दारावर दुसरी थाप

तेव्हा त्या कामगारांकडे गेल्या.

ही उडी किती मोठी होती ते आज सहज ध्यानात येत नाही. बिल्डर्स लेबरर्स फेडरेशन, म्हणजे बी. एल. एफ., ही बांधकामावरच्या बिगारी कामगारांची युनियन होती. खणणारे, पाडकाम करणारे, परांची बांधणारे, काँक्रीट ओतणारे लोक. राज्य शाखेचे सचिव जॅक मंडी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य. क्वीन्सलँडच्या गावाकडचा हा मुलगा तरुणपणी पॅरामॅटाच्या संघाकडून रग्बी लीग खेळायला सिडनीला आला आणि बांधकामावर राहिला. त्यांच्यासोबत जो ओवेन्स आणि बॉब प्रिंगल. हंटर्स हिलच्या चहाच्या टेबलावर या नावांचं स्वागत होण्यासारखं नव्हतं. लाल बावट्याची मदत घ्यायची का, हा प्रश्न समितीतल्या काहींना जड गेला. तरी त्या गेल्या, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं खरं धैर्य इथे आहे. मंत्र्याला पत्र लिहायला फार काही लागत नाही. आपल्या वर्गाबाहेरच्या माणसाकडे जाऊन "आमचं काम अडलंय, हात द्या" म्हणायला लागतं.

युनियनच्या बाजूनेही प्रश्न होतेच. सिडनीच्या पश्चिमेकडून पहाटे निघून साइटवर येणाऱ्या बिगाऱ्याने श्रीमंतांच्या घरामागचं रान का राखावं? त्याला तिथे काम मिळणार होतं, मजुरी मिळणार होती. मंडी आणि त्यांच्या साथीदारांचं म्हणणं असं की आम्ही काय बांधतो याचीही जबाबदारी आमची आहे. नुसती मजुरी वाढवून भागत नाही, ज्या शहरात आम्ही आणि आमची मुलं राहतात ते राहण्यासारखं उरलं पाहिजे. पण हे बोलून झाल्यावर त्यांनी बायकांना एक अट घातली. आमच्या मनात आलं म्हणून आम्ही बंदी घालणार नाही. आधी तुमच्या भागात जाहीर सभा घ्या आणि लोकांना खरंच हे हवंय ते दाखवा.

सभेला सहाशे माणसं आली. त्या आटोपशीर उपनगरात सहाशे म्हणजे गर्दी. सभेने ठराव करून कामगारांना रीतसर विनंती केली, आणि जून १९७१ मध्ये बी. एल. एफ.ने केलीज बुशवर काम न करण्याचा निर्णय घेतला. बुलडोझर आणि क्रेन चालवणाऱ्यांची युनियनही सोबत आली. पुढे जगभर 'ग्रीन बॅन' म्हणून ओळखल्या गेलेल्या बंद्यांतली ही पहिली. तेव्हा हा शब्द नव्हता. युनियनच्या बहिष्काराला जुन्या भाषेत 'ब्लॅक बॅन' म्हणत. मजुरीसाठी नाही तर झाडांसाठी आणि वस्त्यांसाठी घातलेल्या बंदीला 'ग्रीन' म्हणायला मंडींनी पुढे १९७३ च्या सुमारास सुरुवात केली.

कंपनीने सांगितलं, युनियनबाहेरची माणसं आणून काम करू. यानंतर जे घडलं ते मी विद्यार्थ्यांना नेहमी सावकाश सांगतो, कारण सगळी कळ इथे आहे. नॉर्थ सिडनीत त्याच कंपनीच्या एका कार्यालयीन इमारतीचं काम अर्ध्यावर आलेलं होतं. तिथल्या कामगारांनी साइटवरच सभा घेतली आणि ठराव केला: केलीज बुशमधलं एक झाड जरी पडलं, तरी ही इमारत आहे तशी अर्धवट राहील, कायमची, केलीज बुशचं स्मारक म्हणून.

अर्धवट इमारत म्हणजे काय हे बांधकामातल्या माणसाला विचारावं. भाड्याने आणलेली परांची उभी आहे आणि तिचं भाडं रोज चढतंय. सळया उघड्या आहेत, गंज धरतोय. बँकेचं व्याज चालू आहे. जागा घेणाऱ्याला दिलेली तारीख जवळ येतेय. रानात उभ्या राहणाऱ्या घरांतून जो नफा व्हायचा तो अजून कागदावर होता. नॉर्थ सिडनीतलं नुकसान दर दिवशी खिशातून जाणार होतं. कंपनीने हिशेब केला. केलीज बुशमध्ये बुलडोझर आलाच नाही.

हे जमलं कशामुळे

एकजूट होती, इच्छाशक्ती होती, हे खरंच. पण एवढंच सांगितलं तर शिकायला काही उरत नाही, कारण हरलेल्या आंदोलनांतही या दोन्ही गोष्टी असतात. माझ्या वाचनातून मला तीन-चार गोष्टी एकमेकांत गुंतलेल्या दिसतात.

एक तर वेळ. साठच्या दशकाच्या अखेरीपासून सिडनीत काचेच्या उंच इमारतींची लाट आली होती. कामं भरपूर, हात कमी. पूर्वी ज्या बिगाऱ्याला सकाळी उभं करून संध्याकाळी काढून टाकता येई, त्याच्यावाचून आता अडत होतं. पाया खणणं आणि काँक्रीट ओतणं थांबलं की मागचे सुतार, प्लंबर, वायरमन सगळे बसून राहतात. ही ताकद युनियनने आधी स्वतःच्या हक्कांसाठी वापरून पाहिली होती. १९७० चा मोठा संप ताजा होता.

दुसरं, युनियनची स्वतःची शिस्त. पुढाऱ्यांनी कामगारांएवढाच पगार घ्यायचा, आणि पदावर ठरावीक काळच राहायचं. मंडी स्वतः १९७३ मध्ये सचिवपदावरून उतरले. "तुमचे नेते विकले गेलेत" असं म्हणायला त्यामुळे जागा कमी होती. मोठे निर्णय साइटवरच्या सभांत होत, म्हणून नॉर्थ सिडनीच्या कामगारांचा ठराव हा त्यांचा स्वतःचा ठराव होता.

आणि ती अट. जाहीर सभेची अट नुसता उपचार असती तर मला तिच्याबद्दल एवढं लिहावंसं वाटलं नसतं. तिच्यामुळे 'कम्युनिस्टांनी शहर वेठीला धरलं' या आरोपाला तिथल्या तिथे उत्तर मिळालं: आम्ही बोलावल्यावर आलो, बोलावणारे सहाशे होते, आणि ते आमच्या पक्षाचे नव्हते. पुढच्या बंद्यांमागेही हाच नियम राहिला. रहिवाशांनी मागितलं तरच बंदी.

इथे आपल्याकडची आठवण येतेच. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत आरेची झाडं रात्री पडली. लोक रस्त्यावर होते, न्यायालयात होते. करवत चालवणारे हात कुणाचे होते याचा विचार मात्र फारसा झाला नाही. आपल्याकडे बांधकामावरचा मजूर बहुधा दुसऱ्या जिल्ह्यातून किंवा दुसऱ्या राज्यातून आलेला असतो. साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत कुटुंब, मुकादमाच्या वहीत उचल. त्याने "मी हे झाड पाडणार नाही" म्हणायचं तर रात्रीचा आसराही त्याच वाक्याबरोबर जातो. केलीज बुशच्या बिगाऱ्याला "नाही" असं म्हणता आलं, कारण त्याच्यामागे युनियन होती आणि उद्याची मजुरी होती. झाडं राखण्याचा प्रश्न आणि मजुराच्या सुरक्षिततेचा प्रश्न आपण दोन वेगळ्या खात्यांत ठेवतो. इथे ते एकच निघाले.

बंदीने न मिटलेलं

बंदीने रान वाचलं, पण सार्वजनिक झालं नाही. जमीन खासगीच राहिली. ही गोष्ट लिहिणारे बरेचजण १९७१ वरच थांबतात, आणि मला ते पटत नाही, कारण पुढची बारा वर्षं बॅटलर्सनी काढली ती कुठल्याही सभेपेक्षा कठीण होती. जिंकल्यासारखं वाटत असतं, बातम्या थांबतात, मुलं मोठी होतात, आणि जमीन कुणाच्या नावावर आहे हा प्रश्न तसाच असतो. अशा वेळी समित्या विरघळतात. या बायका पत्रं लिहीत राहिल्या, रानात लोकांना आणत राहिल्या, सरकार बदललं की नव्या मंत्र्याला पहिल्यापासून सगळं सांगत राहिल्या.

दरम्यान बंद्यांची संख्या चाळीसच्या वर गेली. शहराच्या जुन्या बंदर वस्तीतल्या, द रॉक्समधल्या रहिवाशांना हुसकावून टॉवर उभारायचे होते, बंदी आली. ऑपेरा हाउससाठी गाड्यांचा तळ करायला वनस्पती उद्यानाच्या कडेची जुनी झाडं जाणार होती, बंदी आली. सेंटेनियल पार्कमध्ये क्रीडासंकुल यायचं होतं, वुलुमुलूमध्ये कामगारांच्या घरांच्या जागी कार्यालयं. केलीज बुशकडे बोट दाखवून "श्रीमंतांच्या खिडकीतला देखावा वाचवला" म्हणणारे आजही भेटतात. त्यांनी ही यादी पाहावी. वुलुमुलूमध्ये तर १९७५ साली केंद्र, राज्य आणि महापालिका यांच्यात करार होऊन गोरगरिबांसाठी सरकारी घरं आली. हंटर्स हिलच्या बायकांनी उघडलेल्या दारातून गोदी कामगारांची कुटुंबंही आत आली. हा आक्षेप मी हलका मानत नाही, पण पूर्ण चित्र पाहिल्यावर तो टिकत नाही.

किंमतही मोजावी लागली. किंग्ज क्रॉसच्या व्हिक्टोरिया स्ट्रीटवरील जुनी घरं पाडण्याला विरोध करणाऱ्या स्थानिक वृत्तपत्राच्या संपादिका हुआनिता नील्सन जुलै १९७५ मध्ये नाहीशा झाल्या. त्यांचा देह कधीच सापडला नाही. त्याच्या आगेमागेच बी. एल. एफ.च्या राष्ट्रीय नेतृत्वाने न्यू साउथ वेल्सची शाखा ताब्यात घेतली. मंडी, ओवेन्स, प्रिंगल यांना युनियनमधून काढलं गेलं. अनेक बंद्या उठल्या. ज्या हत्यारावर सगळं उभं होतं तेच बोथट झालं.

मग रान टिकलं कशावर? मधल्या काळात कायदा बदलत होता. १९७६ मध्ये नेव्हिल रॅन यांचं लेबर सरकार आलं. १९७७ मध्ये वारसा कायदा झाला. १९७९ मध्ये नियोजन आणि पर्यावरणाचा नवा कायदा आला आणि त्याच्या बरोबरीने जमीन व पर्यावरण न्यायालय, जे १९८० पासून चालू झालं. नव्या नियोजन कायद्यात अशी तरतूद होती की कायदा मोडला जात असेल तर कुणीही न्यायालयात जाऊ शकतो. स्वतःचं नुकसान झालं हे दाखवावं लागत नाही. १९७१ मध्ये तेरा बायकांना जे दार बंद होतं ते आता उघडं होतं. हे सगळं एका रानामुळे झालं असं मी म्हणणार नाही, पण बंद्यांनी उभा केलेला दबाव नसता तर ते इतक्या लवकर झालं नसतं, हे सिडनीचा इतिहास वाचताना वारंवार जाणवतं.

सप्टेंबर १९८३ मध्ये मुख्यमंत्री रॅन यांनी जाहीर केलं की सरकार केलीज बुश विकत घेऊन जनतेसाठी खुलं ठेवणार. समिती स्थापन झाली त्याला तेरा वर्षं होत होती. तेरा जणी, तेरा वर्षं.

एक धागा इथून फार लांब गेला. १९७० च्या दशकात पेट्रा केली ही जर्मन कार्यकर्ती सिडनीला आली होती. तिने या बंद्या पाहिल्या आणि 'ग्रीन' हा शब्द राजकारणासाठी युरोपात नेला, असं ऑस्ट्रेलियातले ग्रीन पक्षाचे माजी नेते बॉब ब्राउन सांगत आले आहेत. जर्मनीत ग्रीन पक्ष १९८० मध्ये उभा राहिला. आडनाव सारखं असणं हा निव्वळ योगायोग. आपल्याकडे चिपकोची सुरुवात १९७३ मध्ये गढवालच्या मंडल गावात झाली. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नव्हता, तरी पुढे बायका उभ्या होत्या, आणि दोन्हीकडे प्रश्न हाच होता की झाडावर पहिला हक्क कुणाचा.

आजचं रान

मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा पाऊस पडून गेला होता. वाटेच्या कडेला गुडघे टेकून दोघं-तिघं म्हातारी माणसं तण काढत होती. हातमोजे, गोणपाट, छोटी सुरी. मी काय उपटताय म्हणून वाकून पाहिलं आणि हसूच आलं. घाणेरी! तीच खरखरीत पानं, तोच उग्र वास, पिवळ्या-गुलाबी फुलांचे तेच झुबके. सह्याद्रीच्या डोंगरउतारांवर जिने पाय पसरले, कुणी जिला टणटणी म्हणतं, ती अमेरिकेतून बागांची शोभा म्हणून निघालेली झुडपं इकडेही आली आणि रानात शिरली.

तण काढायची त्यांची पद्धत मला नवी होती. सिडनीतच मोसमनच्या जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणींनी ती साठच्या दशकात स्वतः काम करून बसवली. आपण साफसफाई म्हटली की सर्वात वाईट भागावर तुटून पडतो. त्या म्हणायच्या, उलटं करा. जिथे मूळचं रान चांगलं आहे तिथून सुरुवात करा, आणि तिथले थोडे तण हाताने काढा, माती फार न हलवता. मोकळी झालेली जागा रानाला स्वतःहून भरू द्या, आणि ते जेवढं पुढे सरकेल तेवढंच तुम्ही सरका. एका झटक्यात मोठा पट्टा मोकळा केलात तर उघड्या मातीत आधी घाणेरीच येईल. काम अतिशय हळू चालतं. वर्षाला काही पावलं.

त्यांतल्या एका आजींना मी विचारलं, इथे किती वर्षं करताय. त्यांनी उत्तर न देता वाटेच्या वरच्या अंगाला बोट दाखवलं. तिथून आम्ही उभे होतो तिथवर घाणेरीचं एक झुडूप नव्हतं. अँगोफोराची गुडघाभर रोपं होती, गुलाबी खोड अजून धरलेलं नव्हतं, आणि खडकाच्या फटीत त्यांची मुळं आत गेलेली होती. खालचा उतार अजून बाकी होता. आजींनी गोणपाट पुढे सरकवलं आणि मलाही एक हातमोजा दिला.